उशिराची लावणी : खत भाताला की गवताला?

मुलांनो, मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या पायथ्याशी भातलावणी चालते ती पावसाच्या मर्जीवर. राबावर पेरलेली रोपे साधारण तीन आठवड्यांत लावणीला येतात. पण मध्येच पावसाने दडी मारली, तर चिखलणी थांबते आणि रोपे राबातच निबर होतात. अशा रोपांचे पीक पुढे विरळ राहते. कित्येक घरांचा वर्षाचा तांदूळ याच खाचरांतून यायचा असतो. म्हणून पीक विरळ का होते, ते समजून घेऊ.

लावणीनंतर भाताच्या चुडाला बाजूने फुटवे येतात. फुटव्यांना लोंब्या येतात. निबर रोपांचा फुटवे येण्याचा बराचसा काळ राबाच्या दाटीतच संपलेला असतो. शिवाय जुने गरवे वाण दिवस लहान होऊ लागले की फुलोऱ्याची तयारी करतात. लावणी उशिरा झाली, म्हणून ते थांबत नाहीत.

फुटवे कमी, म्हणजे चुडांमध्ये मोकळी जागा जास्त. तेथे ऊन चिखलापर्यंत पोचते आणि तण माजते. खाचरात पाच सेंटिमीटर पाणी उभे असेल, तर पुष्कळ तणांचे बी प्राणवायूअभावी रुजत नाही. भाताच्या खोडात मात्र मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ्या असतात, त्यामुळे त्याचे अडत नाही. उतारावरच्या खाचरात पाणी टिकले नाही, की ही राखण संपते.

मग वाटते, जास्त युरिया टाकून पीक वर काढावे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. पण तो उभ्या पाण्यात फेकला, तर काही नत्र अमोनिया वायू होऊन उडते, काही पाण्याबरोबर बांधाबाहेर जाते आणि उरलेल्यात तण वाटेकरी होते. पैसे आपले, पोसले गवत!

म्हणून आधी बेणणी, मग खत. पाणी काढून युरिया हप्त्यांनी द्यावा आणि नंतर पुन्हा पाणी घ्यावे. निबर रोपे थोडी जवळ लावावीत आणि चुडात एखाददुसरे रोप जास्त घ्यावे.

डॉ. नारायण सावंत यांच्या ‘चारसूत्री’ पद्धतीत आणखी एक युक्ती आहे. चुडांमधले अंतर आलटून पालटून १५ व २५ सेंटिमीटर ठेवतात. जवळच्या चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची सुमारे २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. तिथल्या चिखलात प्राणवायू नसतो. त्यामुळे नत्र अमोनियमच्या रूपात मातीच्या कणांना धरून राहते आणि चारही चुडांची मुळे ते हळूहळू घेतात. मोकळ्या पट्ट्यातल्या गवताला ते सहजी मिळत नाही.

करून पाहा : दोन डब्यांत खाचरातली माती सारखी भरा. एकीत नुसती ओल ठेवा, दुसरीवर पाच सेंटिमीटर पाणी. पंधरा दिवसांनी दोन्हींतले कोंब मोजा. पाण्याची राखण किती कामाची, ते तुमचे तुम्हालाच कळेल.