क्रीडा व्यवस्थापनातील पीएच.डी. : कोर्सवर्कचे नियोजन

दिल्लीच्या नैर्ऋत्येस वसलेल्या द्वारका उपनगरात सेक्टर १६-सी मध्ये गुरू गोविंदसिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठ असून तेथे व्यवस्थापनशास्त्राचा विभाग आहे. याच उपनगरात सेक्टर ११ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाचे क्रीडासंकुल आहे. शारीरिक शिक्षण व क्रीडाविज्ञानाची इंदिरा गांधी संस्था मात्र विकासपुरीत आहे. व्यवस्थापन, शारीरिक शिक्षण आणि प्रत्यक्ष क्रीडांगण अशी ही विभागणी केवळ भौगोलिक नाही. क्रीडा व्यवस्थापनाच्या संशोधकाला हे तिन्ही सांधावे लागतात आणि त्याचा पाया कोर्सवर्कमध्ये घातला जातो.

नियमांची चौकट

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांत कोर्सवर्कसाठी किमान ८ श्रेयांक होते. २०२२ च्या विनियमांनी ही किमान मर्यादा १२ श्रेयांकांवर नेली. त्यांत संशोधन पद्धती आणि संशोधन व प्रकाशन नीतिशास्त्र हे विषय अनिवार्य आहेत. संशोधन पुढे चालू ठेवण्यासाठी कोर्सवर्कमध्ये किमान ५५ टक्के गुण आवश्यक आहेत. संशोधन सल्लागार समितीच्या शिफारशीने मान्यताप्राप्त ऑनलाइन अभ्यासक्रमही धरता येतात. कोर्सवर्कसह पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षांचा आहे.

प्रश्नापासून अभ्यासक्रमाकडे

उपलब्ध विषयांतून सोयीचे विषय निवडणे म्हणजे नियोजन नव्हे. आधी संशोधनाचा प्रश्न ठरवावा व त्याच्या उत्तरासाठी कोणते ज्ञान लागेल, ते पाहावे. प्राधिकरणाच्या क्रीडासंकुलांत सदस्यत्वाची आणि शुल्क भरून तेवढ्यापुरते खेळण्याची, अशा दोन्ही पद्धती आहेत. त्यांचा लाभ परिसरातील महिला, विद्यार्थी व अल्प उत्पन्न गटांपर्यंत कितपत पोहोचतो, हा प्रश्न घेतल्यास नमुना निवड, संख्याशास्त्र, मुलाखतीचे तंत्र, सार्वजनिक वित्त आणि क्रीडा प्रशासन यांची गरज भासेल.

त्यानुसार पुढील आराखडा करता येईल : संशोधन पद्धती ४, नीतिशास्त्र २, संख्याशास्त्र व मुलाखत पद्धती ४, क्रीडा प्रशासन व कायदा २ आणि सार्वजनिक वित्त २, असे एकूण १४ श्रेयांक. एका श्रेयांकास १५ तास धरल्यास २१० तास होतात. आठवड्याला १४ तास दिल्यास १५ आठवड्यांत, म्हणजे एका सत्रात, हे काम पूर्ण होते.

उणीव ओळखणे महत्त्वाचे

शारीरिक शिक्षणाच्या पदवीधराला ताळेबंद वाचण्याची सवय नसते, तर व्यवस्थापनाच्या पदवीधराला प्रशिक्षक व खेळाडूंच्या गरजा अपरिचित असतात. म्हणून ऐच्छिक विषय आवडीचा नव्हे, तर उणीव भरून काढणारा घ्यावा. कायद्याचा विषयही अद्ययावत असावा. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम २०२५ मध्ये संमत झाल्यानंतर केवळ २०११ च्या क्रीडा विकास संहितेवर विसंबून चालणार नाही.

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याजवळ बालेवाडीचे संकुल उभे राहिले, तर २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीतील क्रीडांगणांवर मोठा सार्वजनिक खर्च झाला. स्पर्धा काही दिवसांत संपतात. देखभालीचा भार मात्र अनेक वर्षे वाहावा लागतो. हा खर्च सामान्य नागरिकाच्या खेळासाठी कसा सार्थकी लागेल, हे सांगू शकणारे संशोधक देशाला हवे आहेत. कोर्सवर्क ही केवळ औपचारिकता मानली गेली, तर असे संशोधक घडणार नाहीत.