पट्टीचं खरं काम मातीखाली

अगं, तू पाठवलेले फोटो बघितले. काळी पातळ पट्टी, एका बाजूला हिरवळ, दुसरीकडे फुलांचा वाफा. देखणंच आहे. पण हे फोटो काम झालं त्याच दिवशीचे असतात. तुझ्या नाशिकच्या काळ्या मातीत दोन पावसाळे काढल्यावर ती पट्टी कुठे असेल, ते आधी बघू.

तू लावलेलं लॉन हरळीच्याच जातीचं आहे. गणपतीत आपण दूर्वा म्हणून जिच्या मागे फिरतो, तीच ही! वरून पसरताना पेऱ्यापेऱ्याला मुळं धरते, ते दिसतं तरी. खालून मात्र पांढरी, टोकदार खोडं सरकवते आणि एके दिवशी तुझ्या शेवंतीच्या बुंध्यातून डोकं काढते. म्हणून 3 इंची पट्टी घेऊ नकोस. नुसती शोभा होईल. 6 इंची घे आणि मातीवर जेमतेम अर्धा इंच ठेव. त्याहून वर आली तर मशीनचं पातं आपटतं. एवढं करूनही हरळी शंभर टक्के थांबत नाही हं, पावसाळ्यात कडेने खुरपं फिरवावंच लागतं.

आता धातूचं. माळी सांगेल, पातळ पत्रा लावा, स्वस्त पडतो. नको. त्याची वरची धार सुरीसारखी, आणि तुझी पोरं दिवसभर अनवाणी. फॅब्रिकेटरकडून 3 मिलिमीटर जाडीची लोखंडी फ्लॅट पट्टी घे. 6 इंचीचं वजन मीटरला साधारण साडेतीन किलो भरतं, त्यावर हिशेब कर. कापणं, वाकवणं, खुंट्यांचं वेल्डिंग, कडा घासणं हे सगळं आधी आणि गॅल्व्हनाइझिंग शेवटी. हा क्रम त्याला ठणकावून सांग, कारण नंतर वेल्डिंग केलं की तिथला जस्ताचा थर जळतो आणि गंज नेमका तिथूनच धरतो. मुद्दाम गंजवलेलं ते फॅशनचं कोर्टेन स्टील तुझ्याकडे चालेल, फक्त पहिल्या पावसात त्याचे तांबडे ओघळ फरशीवर येतात. इथे रत्नागिरीत मी ते लावणार नाही. खाऱ्या वाऱ्यात त्याचा गंज थांबतच नाही. मी ॲल्युमिनियम लावलंय.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पट्टीला वर ढकलते. म्हणून दर तीन फुटांवर फूटभर सळईची खुंटी हवीच. दोन पट्ट्यांच्या सांध्यात दोन-तीन मिलिमीटर फट ठेव, नाहीतर एप्रिल-मेच्या उन्हात पट्टी लांबून मधेच फुगवटा येतो. आणि उताराच्या बाजूला खाली भोकं पाडून घे. नाहीतर हीच पट्टी बांध होऊन बसेल आणि जुलैत लॉन कुजेल. माळी हे विसरतात, तू विसरू नकोस.

वळणं कागदावर काढत बसू नकोस. पाण्याचा पाइप उन्हात तापव, म्हणजे मऊ पडतो. तोच जमिनीवर हवा तसा फिरव, गच्चीवरून बघ, पसंत पडलं की कडेने फक्की टाक. फार नागमोडी करू नकोस, आतल्या कोपऱ्यात मशीन वळत नाही. फक्कीवरून टेप फिरवून लांबी मोज आणि फॅब्रिकेटरकडे जायच्या आधी मला कळव. भाव मी करते त्याच्याशी, तू लगेच हो म्हणतेस.