फीपेक्षा खानावळ जड : बी.एस्सी.च्या गरजू मुलांविषयी



बारावीचा निकाल लागला की आपण गुणवंतांचा सत्कार करतो. शाल, श्रीफळ, पाकीट. ते जरूर करावे. परंतु लागण नोंदीसाठी गावोगाव फिरताना एक गोष्ट नजरेस येते. ज्याला आपण हार घातला, बी.एस्सी.ला घातला, तोच मुलगा पुढच्या दिवाळीला मोटारसायकलवरून पार्सले वाटताना भेटतो. नापास झाला म्हणावे, तर तसेही नसते.

अनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी.ची फी इंजिनिअरिंगच्या मानाने थोडी असते. बाप ती कशीही भरतो, प्रसंगी शेळी विकतो. घोडे अडते ते पुढे. खोलीभाडे, खानावळ, एस.टी.चा पास, प्रयोगवह्या. त्यात वेळ कोणती ते पाहा. प्रवेश जून-जुलैत आणि आपले गाळप सुरू होते दिवाळीच्या आगेमागे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. पण ऊस अजून फडातच उभा, तर बिल कसले? आडसालीवाल्याला तर जुलै-ऑगस्टमध्ये उलट बेणे, खत, मजुरी घालायची असते. म्हणजे पोराची खानावळ सुरू होते नेमकी बापाचा हात रिकामा असताना. कोवळ्या लागणीचे पाणी तुटले की फुटवे मरतात. मागाहून पाट भरून सोडला तरी गेलेले फुटवे परत येत नाहीत. या मुलांचेही तसेच आहे.

‘काम करून शिकावे की’, असे काही जण म्हणतात. म्हणणे रास्त आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावरच. पण त्याआधी १९२४ पासून साताऱ्यात त्यांनी वसतिगृह चालविले होते आणि घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा केले होते. कष्ट मुलांनी करायचे, पण पोटाची सोय आधी, असा तो हिशोब. शिवाय विज्ञानाच्या मुलाचे तास सकाळी अन् प्रात्यक्षिके दुपारी. तो कामाला जाणार कधी? रात्रपाळी करून दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला डुलक्या काढणारी मुले आपल्याच गटांत आहेत.

सरकारी योजना आहेत, नाही असे नाही. केंद्राने २००८ साली इन्स्पायर योजना आणली. तिच्यात मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यास वर्षाला ८०,००० रुपये ठरविले, परंतु मुख्य अट बोर्डात वरच्या एक टक्क्यात येण्याची. आपल्या भागातला ७५-८० टक्केवाला मुलगा तिथे बसत नाही. बाकीच्या शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटीवर अर्ज करावा. पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, तेव्हा बँकेचे काम, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला अन् अधिवासाचा दाखला मे महिन्यातच उरकावा. मात्र ही रक्कम हाती पडेपर्यंत खानावळवाला थांबत नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की कारखान्याने अशा मुलांना जून ते मार्च दरमहा खानावळीपुरती रक्कम द्यावी. उदाहरणादाखल गाळप ५ लाख टन धरा. टनामागे १ रुपया दिला तर ५ लाख रुपये होतात. महिना २,५०० प्रमाणे दहा महिन्यांचे २५,००० झाले. म्हणजे २० मुले. पण पहिल्याच वर्षी वीसही मुले घेऊ नका! पदवी तीन वर्षांची, दुसऱ्या वर्षी नव्याला जागाच राहणार नाही. दरवर्षी सहा घ्या, तिसऱ्या वर्षी अठरा होतील आणि दोघांचे पैसे अडीअडचणीला शिल्लक राहतील. ज्याच्या शेतात शंभर टन पिकतो त्याच्या वाट्याला वर्षाला शंभर रुपये येतात. कपात मात्र सभासदाच्या लेखी संमतीनेच व्हावी.

निवड गुण आणि घरची जमीन पाहून व्हावी. चिठ्ठीचपाटीवर एकही नाव घेऊ नये, संचालकांच्या घरचेदेखील. मुलींना निम्म्या जागा ठेवाव्यात, कारण पैसा कमी पडला की आधी मुलीचे शिक्षण थांबते. ऊसतोड मजुरांची मुले घ्यावीत काय, यावर मतभेद होतील. माझ्या मते घ्यावीत. आईबाप आपल्या फडात असतात तेव्हा ती मुले एकटी राहून शिकतात.

यात आपला स्वार्थही आहेच. कारखान्याच्या प्रयोगशाळेत ब्रिक्स, पोल काढायला रसायनशास्त्राचा पदवीधर लागतो. माती परीक्षणाला लागतो, ऊतिसंवर्धन रोपांच्या कामाला लागतो. पाडेगावच्या संशोधन केंद्राने फुले २६५ दिला, तो अनेकांनी लावलाही. अशा जाती काढणारी माणसे कुठल्या तरी कॉलेजातूनच जातात.

ज्यांना हे पटते किंवा पटत नाही, त्यांनी गट कार्यालयात लेखी कळवावे. अधिमंडळाच्या वार्षिक सभेपूर्वी सूचना आल्या तरच विषयपत्रिकेवर घेता येतील.