ताईच्या जन्माची नोंद

नरपड

चि. भाचीबाईस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतीस, म्हणून लिहून पाठवतो. अमेरिकेतल्या वकिलाने आमच्या ताईचा जन्मदाखला मागितला आणि तुझ्या भावाने कुठला तरी एजंट गाठला, तो ‘आठ दिवसांत नवी नोंद करून देतो’ म्हणतो. त्याला आधी नाही म्हणून सांग. जुनी नोंद कुठे तरी दप्तरात पडून असताना नवी केलीत, तर उद्या बाई एक आणि जन्मतारखा दोन असा पेच उभा राहील. शपथपत्रावर सही एजंटाची नसेल, ताईची असेल. शिवाय वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद ग्रामपंचायत आपल्या अधिकारात करूच शकत नाही. पूर्वी त्याला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडे किंवा त्याने नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला आहे. २०२५ पासून तर आपल्या राज्यात अशा उशिराच्या दाखल्यांकडे सरकार डोळ्यांत तेल घालून बघतंय.

तेव्हा आधी शोध, मग बाकीचं.

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. ताई त्याच्या आधीची. त्या काळच्या खेड्यातल्या जन्मांसाठी गाव नमुना १४ बघायचा, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. ती बाडं तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. तिथे गेलीस की ताईचं नाव सांगून ‘हे शोधून द्या’ म्हणू नकोस, सापडणार नाही. पाटलाला वर्दी जायची तेव्हा पोरीचं बारसंही झालेलं नसायचं. ओळीत काय असतं, तर बापाचं नाव, जात, तारीख आणि ‘मुलगी’. म्हणून शोधायचं ते तुझ्या आजोबांच्या नावाने. तेही एकाच पद्धतीने लिहिलेलं असेल असं धरू नकोस. आपल्या किनाऱ्यावर तांडेलचं तंडेल होतं, गुजराती लिहिणाऱ्याच्या हातून टंडेल होतं. धोडींचं तर एका रेघेने घोडी होतं. कधी आडनावच नसतं, बापाचं आणि आज्याचं नाव तेवढं असतं. अर्जात आजोबांच्या नावाची अशी सगळी रूपं लिहून दे.

आता तारीख. ताईच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५७ आहे. त्या तारखेवर विसंबू नकोस. जूनमध्ये शाळेत नाव घालायला नेलेल्या अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म मास्तरांनी १ जूनलाच लावून टाकलाय. तुझी आजी मात्र नेहमी सांगायची की ताई महालक्ष्मीच्या जत्रेत झाली, आणि मोठ्या मामांच्या दोन वर्षं आधी. मोठ्या मामांची नोंद नरपडच्या वहीत आहे, १९६० ची. म्हणजे ताईचं साल १९५८ निघतं. ही विवळवेढ्याची जत्रा चैत्री पौर्णिमेला सुरू होऊन पंधरवडाभर चालते. त्या साली पौर्णिमा एप्रिलच्या सुरुवातीला होती, म्हणजे एप्रिलचा पहिला पंधरवडा. पण वहीत ओळी वर्दीच्या क्रमाने पडतात, जन्माच्या नव्हे. बाळंतिणीच्या घरातलं माणूस पाटलाकडे कधी जाणार, सवड होईल तेव्हा. म्हणून एप्रिलबरोबर मे आणि जूनची पानंही बघ. मोठ्या मामांच्या नोंदीची नक्कलही घेऊन ठेव. आईबापांची तीच नावं असलेला तो जुना कागद पुढे फार कामाला येईल.

आणि हे नीट ऐक. जन्माची नोंद माणूस राहतो तिथे होत नाही, जन्मतो तिथे होते. ताई पहिलटकरणीची, म्हणजे आजीच्या माहेरी, झाईला झाली असण्याचा संभव जास्त. झाई आज तलासरी तालुक्यात आहे, पण १९५८ साली तलासरी तालुकाच नव्हता. १९६० ला राज्याचे दोन तुकडे झाले तेव्हा उंबरगाव तालुक्यातली बरीच गावं गुजरातेत गेली आणि उरलेल्यांतून तलासरी झाला. पालघर जिल्हा तर १ ऑगस्ट २०१४ चा, त्याआधी सगळं ठाण्यात. म्हणून नरपडच्या तालुक्याला, डहाणूला, ‘नाही’ ऐकलंस की परतू नकोस. तलासरीला जा, आणि तिथेही नसेल तर उंबरगावला. पानं गुजरातीत निघाली तर उलट आनंद मान, योग्य दप्तर हाती लागलं म्हणून.

सापडलेली ओळ चुकीची निघाली तर? ‘मुलगी’च्या जागी ‘मुलगा’, किंवा आजोबांचं नाव भलतंच. खोडाखोड करून देणारा कुणी भेटला तर त्याच्या वाऱ्याला उभी राहू नकोस. कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मूळ नोंदीला हात लावायचा नसतो. दुरुस्ती समासात होते, निबंधकाच्या सही-तारखेनिशी. साधी लेखनिकाची चूक असेल तर काम सोपं. मजकुरातच चूक असेल तर प्रकरण माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांचं निवेदन लागतं. झाईची एक मावशी अजून धडधाकट आहे, तिचं मी बघतो. राजपत्रात नाव बदलून घे असंही कुणी तरी सांगेलच. राजपत्राने पुढचं नाव बदलतं, १९५८ ची ओळ बदलत नाही. ताईच्या लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावांचा सांधा जुळवायला मात्र विवाहाचा दाखला हवाच.

नोंद एप्रिल १९५८ ची निघाली आणि शाळेचा दाखला १९५७ म्हणाला, तर तो फरक लपवू नकोस. वकिलाला दोन्ही कागद दे. फरक कसा पडला ते ताईच्या शपथपत्रात दोन ओळींत येऊ दे.

काहीच सापडलं नाही तर रिकाम्या हाताने उठू नकोस. अनुपलब्धतेचा दाखला माग. त्यात कुठल्या गावचं दप्तर, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत तपासलं, ते लिहिलेलं असू दे. नुसतं ‘आढळ होत नाही’ असं मोघम घेऊ नकोस. १९७० पूर्वी आपल्याकडे सगळेच जन्म नोंदले जात नव्हते हे अमेरिकेच्या वकिलातीला ठाऊक आहे. असा दाखला, जुना शाळेचा कागद आणि नातलगांची शपथपत्रं ते लक्षात घेतात. म्हणून ताईच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उताराही आणून ठेव. दाखला पुन्हा पुन्हा निघतो, रजिस्टर एकच असतं.

अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. महिन्याभरात हालचाल नाही दिसली तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाक. कारकुनावर मात्र चिडू नकोस. ती बाडं उतरवताना अंगावर किती धूळ येते ते मला ठाऊक आहे, माझी नोकरी त्यातच गेली.

पानं मोडीत असतील तर फोटो काढ. पण मथळा, गावाचं नाव आणि पान क्रमांक फोटोत यायला हवेत, नुसती ओळ नको. मोडी वाचणारे एक गुरुजी बोर्डीला आहेत, त्यांना सांगून ठेवलंय. येशील तेव्हा ताईला घेऊन ये, गुरुजींना घरातल्या माणसांची नावं तोंडी विचारून घ्यायची आहेत.

तुझा
धाकटा मामा