मोजणी आणि प्रतबंदी

धाराशिव,
आषाढ शुद्ध द्वादशी.

चि. शर्वरी हिस,

तुझ्या आईने फोनवर जे सांगितले आणि तू स्वतः जे सांगण्याचे टाळलेस, त्या दोहोंचा मेळ घालून हे पत्र लिहीत आहे. मुंबईच्या कोणा मॉडेलिंग कोऑर्डिनेटरने फितीने तुझी मापे घेऊन, उंची 5 फूट 8 इंच आहे तेवढी ठीक, परंतु नितंबांचा घेर 2 इंचांनी उतरल्याखेरीज पुढच्या ऑडिशनला येण्यात अर्थ नाही, असा शेरा मारला. तेव्हापासून तू रात्रीचे जेवण सोडलेस, दुपारच्या ताटातली पोळी मैत्रिणीकडे सरकवू लागलीस, आणि काटा 51 किलोंवर आला त्या दिवशी ते आईला मोठ्या आनंदाने कळवलेस, इतका वृत्तान्त माझ्यापर्यंत पोहोचला आहे. तुझी आई घाबरली आहे. मी घाबरलेलो नाही, पण निश्चिंतही नाही. आणि ज्याची सारी नोकरी मोजणी खात्यात गेली त्याला भाचीच्या मापाविषयी दोन शब्द लिहिण्याचा अधिकार पोहोचतो, असे धरून चालतो.

मॉडेलिंगचा धंदा हलका आहे असे मानणाऱ्यांपैकी मी नव्हे. तासन्‌तास उभे राहून, टाचण्या टोचून घेत कपडे अंगावर बेतू देणे, पडद्याआड मिनिटभरात पोशाख बदलून जणू काहीच घडले नाही अशा चेहऱ्याने पुन्हा रॅम्पवर येणे, ही मेहनतच आहे, आणि मेहनतीचा पैसा कोणत्याही घराण्यास कमीपणा आणीत नाही. तेव्हा ‘परत ये’ असे मी लिहीत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या मापापायी तू ताट दूर सारलेस ते माप आले कोठून, याची चौकशी आधी कर.

कपडे बेतणारा डिझायनर आपला प्रत्येक नवा पोशाख विक्रीसाठी निरनिराळ्या मापांत शिवण्यापूर्वी नमुन्यादाखल एकच शिवतो. तुमच्या भाषेत ते सॅम्पल. तोच एक नग आधी रॅम्पवर आणि मग मासिकांच्या छायाचित्रांसाठी फिरतो, पाच मुलींसाठी पाच मापांचे नग शिवण्याचा खर्च सहसा कोणी करीत नाही, आणि म्हणून पोशाख मुलीच्या अंगास बेतण्याऐवजी पोशाखास बेतेल अशी मुलगी शोधली जाते. त्यात भर अशी की, निवड होते ती पुष्कळदा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींची, ज्यांचे अंग अजून भरलेले नसते. पुढे निसर्ग आपले काम करतो, तेव्हा सॅम्पल आहे तसेच राहते आणि बिघाड मुलीत झाला असे तिला ऐकवले जाते. म्हणजे ज्या आकड्यास तू सौंदर्याचा निकष समजतेस तो मुळात कापड आणि शिलाई यांच्या जमाखर्चातला आकडा आहे. आमच्या खात्यात, जमीनमहसुलाच्या पूर्वीच्या बंदोबस्तात, मोजणी निराळी आणि प्रतबंदी निराळी असे. 33 फुटांची साखळी टाकून शेताचे क्षेत्र काढणारा मोजणीदार जमिनीची प्रत ठरवीत नसे. त्यासाठी दुसरा कामदार येई, खड्डा खणून मातीची खोली पाही, काळी की मुरमाड, चुनखडीची की पाणथळ, हे हाताने चुरून पाही, आणि मग आकारणी होई. तुझ्या त्या कोऑर्डिनेटर गृहस्थांच्या हाती फक्त साखळी आहे; प्रत ठरविण्याची सनद त्यांना कोणी दिली?

मॉडेलिंगमधल्या आपल्या मराठी माणसांचीच उदाहरणे घे. नागपूरच्या मधु सप्रे मूळच्या मैदानावरच्या खेळाडू. 1992 साली बँकॉक येथे मिस युनिव्हर्स स्पर्धेत त्या तिसऱ्या आल्या. देशाची सत्ता हाती आल्यास काय कराल, या प्रश्नावर त्यांनी मोठे क्रीडासंकुल उभारण्याची गोष्ट काढली, आणि त्या उत्तरापायी मुकुट हुकला असे अजून बोलले जाते. मला ते उत्तर आवडले होते. मिलिंद सोमण हे जलतरणातले राष्ट्रीय विजेते. या दोघांची शरीरे घडली ती खेळून. पुढे 2008 सालच्या ‘टशन’ चित्रपटातल्या करीना कपूर यांच्या सडपातळ रूपाने साइज झिरो हा शब्द तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचविला. परंतु त्या वेळी त्यांच्या आहाराची व्यवस्था पाहणाऱ्या ऋजुता दिवेकर या मराठी बाईंची पुस्तके उघडून पाहा, त्यांत भात, तूप आणि वेळच्या वेळी जेवण यांचाच पुरस्कार आढळेल.

आता जे अप्रिय आहे ते लिहितो. 2006 च्या ऑगस्टमध्ये उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ येथे लुईसेल रामोस ही 22 वर्षांची मॉडेल रॅम्पवर चालून आली आणि थोड्याच वेळात हृदय बंद पडून मरण पावली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ब्राझीलची आना कारोलिना रेस्तोन वयाच्या 21 व्या वर्षी गेली. आणि पुढच्या फेब्रुवारीत लुईसेलची धाकटी बहीण, तीही मॉडेल, 18 व्या वर्षी गेली. अन्न तुटले की शरीर चरबीवर थांबत नाही, स्नायू खाते, आणि हृदय हाही स्नायूच आहे. रक्तातले पोटॅशियम उतरले की त्याचा ठोका चुकतो, आणि हे आरशात दिसत नाही. लुईसेलच्या मृत्यूनंतर माद्रिदच्या फॅशन सप्ताहाने, उंचीशी वजनाचे प्रमाण सांगणारा जो देहभार निर्देशांक, तो 18 च्या खाली असणाऱ्या मुलींना मनाई केली. इस्राएलने 2012 साली कायदा करून ही मर्यादा 18.5 ठरविली. फ्रान्समध्ये 2017 पासून डॉक्टरी दाखल्यावाचून मॉडेलला काम देता येत नाही, आणि कायदा मोडणाऱ्यास सहा महिने कैद व 75,000 युरो दंडाची तरतूद आहे. आपल्या देशात असा कायदा नाही, म्हणून तो तुझ्यापुरता तूच करावयाचा. तुझ्या उंचीस 18.5 म्हणजे सुमारे 55 किलो होतात. 51 किलोंवर तुझा आकडा 17 च्या आसपास येतो, अर्थात माद्रिदच्या दारातूनच तुला परत पाठविले असते, आणि इकडे मुंबईत अजून 2 इंच उतरव म्हणतात!

देहभार निर्देशांक या आकड्याला आज चालू असलेले नाव 1972 साली अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी दिले. ते साल आमच्या पिढीस निराळ्या कारणाने स्मरते: दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे, रेशनचा तांबडा मिलो, आणि मुलांना वाटली जाणारी सुकडी. त्या साली हाडांवर कातडे ओढलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांत कोणालाही आपण सुरेख दिसतो असे वाटले नाही. याच कीज यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले हे अपेक्षितच होते. विलक्षण ते असे की, या सुशिक्षित माणसांना दुसरा विषयच सुचेना. ती पाककृतींची पुस्तके जमवू लागली, घासाघासाला वेळ लावू लागली, चिडखोर आणि उदास झाली, मित्रांपासून तुटली. तुझी आई म्हणते की तू हल्ली रात्री उशिरापर्यंत स्वयंपाकाचे व्हिडिओ पाहतेस आणि फोनवर लगेच चिडतेस. तो तुझा स्वभाव बदलला असे मी मानीत नाही. ती भूक बोलते आहे.

आणखी एक गोष्ट, जी परदेशी डॉक्टरांच्या दवाखान्यांपेक्षा आपल्या घरांत अधिक दिसते. आपण उपासाचा आदर करणारी माणसे. तुळजापुरास नवरात्रात नऊ दिवस उपाशी राहणाऱ्या बाईस कोणी ‘जेव’ म्हणत नाही, आणि म्हणून एखादी मुलगी ‘आज माझा उपास आहे’ असे आठवड्यातून चारदा म्हणाली तरी घरात कौतुकच होते. पण काल एकादशी झाली आणि आज सकाळी तुझ्या मामीने बारस सोडली. व्रताला संकल्प असतो तसे पारणेही असते. भूम तालुक्यात कुंथलगिरीस 1955 साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना, म्हणजे आमरण अन्नत्यागाचे जैन व्रत, घेतली, त्यात पारणे नव्हते हे खरे. परंतु त्यांनी देहाचा मोह सुटला म्हणून अन्न सोडले, आणि तू देहाच्या मोहात पडून सोडतेस. या दोहोंना एकच शब्द लावू नये.

सगळा दोष मुंबईवर ढकलणे मात्र अन्यायाचे होईल. मुलीला पहिली फीत लावतो तो कोऑर्डिनेटर नव्हे, आपलेच नातलग. लग्नाच्या मांडवात चार वर्षांनी भेटलेल्या मुलीस ‘किती सुटलीस गं’ हे पहिले वाक्य, आणि स्थळाच्या कागदावर ‘सडपातळ, गोरी’ ही पहिली अट, हे आपल्याच जिल्ह्यातले शिष्टाचार आहेत; आणि गंमत अशी की, याच महाराष्ट्रात सरकारी आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक स्त्रियांचे रक्त कमी निघते. पूर्वी असे नव्हते, निदान मूर्तिकारांच्या नजरेत नव्हते. तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनास जाशील तेव्हा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळची हस्तिदंती स्त्रीप्रतिमा नीट पाहा. वीतभरही उंची नाही, पण मेखलेखालचे भरीव, रुंद नितंब कोरताना त्या कारागिराने हात आखडता घेतलेला नाही. तिच्यासारखीच एक प्रतिमा 1938 साली इटलीत पोम्पेईच्या राखेखाली सापडली. आणि हे तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथून भडोचच्या बंदरास कापड आणि मलमल जात असे, अशी नोंद ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. कापडाचा धंदा आपल्या जिल्ह्यास नवा नाही, शर्वरी. त्यासाठी बायकांनी वाळून जावे, ही अट तेवढी नवी आहे.

ज्या विषयावर मामाने लिहावे की न लिहावे असा संकोच वाटतो, तोही लिहून टाकतो. मासिक पाळी तीन महिने आली नसेल, केस गळत असतील, भर उन्हाळ्यात थंडी वाजत असेल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर ‘डाएट’ हे नाव सोडून तो दवाखान्याचा मामला समजावा. तुझ्या वयात हाडांत जो भरणा होतो तो पुढे करता येत नाही. मुंबईतच केईएम रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तेथे गेल्याने कोणी वेडा ठरत नाही. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले आणि आम्हांला सांगण्याची लाज वाटली तर 14416 हा सरकारचा टेली-मानसचा क्रमांक आहे, तेथे मराठीत बोलता येते. आणि वजन पुन्हा चढवायचे ते डॉक्टरांच्या देखरेखीने. दुष्काळातून आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी भरपेट जेवण घालू नये, हे जुन्या माणसांनाही ठाऊक होते.

राहता राहिला करारनामा. सहीपूर्वी त्याची प्रत मला धाड. ‘मापे कायम राखणे’ अशा अर्थाचे कलम त्यात असेल तर त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढ, आणि त्यात फरक पडल्यास काय होईल हे लेखी विचार. उत्तर तोंडी देऊ लागले तर उठून ये. पोर्टफोलिओच्या नावाखाली कोणी आगाऊ रक्कम मागत असेल तर ती देऊ नकोस. या आठवड्यात रक्त तपासून घे, हिमोग्लोबिनचा आकडा मला कळव, आणि त्याच पत्रात वसतिगृहाचा पत्ता पिनकोडसह लिही. मामीने शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली आहे आणि कुंथलगिरीचा पेढा आणवला आहे, तो कुरियरने किती दिवसांत पोहोचतो हे तिला ठाऊक नसल्यामुळे डबा अजून दारातच आहे.

तुझा,
मामा