बुद्धिबळाच्या पटावरील वीस अंकी संख्या

पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, पुढच्या प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट. चौसष्ट घरांचे मिळून दाणे किती? ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. उत्तर मात्र क्वचितच कोणी वाचून पाहतो: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. म्हणजे २ च्या ६४ व्या घातातून १ वजा.

सीमाभागातील मराठी शाळेत मी ही संख्या फळ्यावर लिहितो, तेव्हा मुले कोटीपाशी अडखळतात आणि इंग्रजी नावांकडे वळतात. वास्तविक भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. ती घेतली की वाचन सुरू होते: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू...

आता तिचे अवयव पाहू. शेवटी ५ आहे, म्हणून ५ ने भाग जातो. अंकांची बेरीज ८७; म्हणून ३ ने जातो, ९ ने जात नाही. पण खरी किल्ली शाळेतल्याच सूत्रात आहे: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. ते पुन्हापुन्हा वापरले की संख्या अशी उलगडते:

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

यातला प्रत्येक अवयव २ च्या एखाद्या घातात १ मिळवून होतो; घातांक अनुक्रमे १, २, ४, ८, १६, ३२. पहिले पाच मूळसंख्या आहेत. अशा सर्वच संख्या मूळ असाव्यात, असा फ्रेंच गणिती फर्मा यांचा कयास होता. १७३२ मध्ये ऑयलर यांनी दाखवले की सहाव्या संख्येला ६४१ ने भाग जातो.

याची सिद्धता दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल. ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा केल्यास ६४१ ने निःशेष भाग जातो. ६४० म्हणजे ५ × १२८. म्हणून ही संख्या '६२५ गुणिले २ चा २८ वा घात, वजा १' अशी आहे. दुसरीकडे, ६४१ म्हणजे ६२५ + १६. त्याला २ च्या २८ व्या घाताने गुणल्यास '६२५ गुणिले २ चा २८ वा घात, अधिक २ चा ३२ वा घात' मिळतो. दुसरीतून पहिली वजा करा. उरतो २ चा ३२ वा घात अधिक १; त्यालाही ६४१ ने भाग गेलाच पाहिजे! भागाकार ६७,००,४१७, आणि तोही मूळ आहे.

पाच उदाहरणे जुळली म्हणजे नियम सिद्ध झाला असे नव्हे, हा धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. घात, अवयव, मूळसंख्या, निःशेष: एवढ्या मराठी शब्दांत तो पुरता शिकवता येतो. शिक्षकांनी वर्गात करून पाहावा.