छत्तीसगडचे लोकमत

लोकमत हा शब्द राजकीय चर्चेत नेहमीच वापरला जातो. परंतु ते नेमके कोणाचे मत, ते कोठे व्यक्त होते आणि राज्यकर्ते त्याची दखल केव्हा घेतात, या प्रश्नांचा विचार क्वचितच होतो. कॅनडासारख्या देशात राजकारण, अर्थव्यवस्था आणि सामाजिक प्रश्न यांविषयी नागरिकांची मते प्रश्नावलीद्वारे अजमावण्याची पद्धत १९४१ पासून रूढ आहे. तेथे लोकमताचा अभ्यास करणाऱ्याच्या हाती अनेक दशकांची आकडेवारी असते. छत्तीसगडसारख्या प्रदेशात तशी सोय नाही. येथील लोकमत नियतकालिकांत आढळते, त्याचप्रमाणे ते संपात, पदयात्रेत, ग्रामसभेच्या ठरावात, रेशनच्या दुकानात आणि मतपेटीतही शोधावे लागते.

२०११ च्या जनगणनेनुसार छत्तीसगडची लोकसंख्या सुमारे २ कोटी ५५ लाख होती. त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक खेड्यांत राहत होते व जवळजवळ ३१ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. या प्रदेशाचा कारभार दीर्घकाळ बाहेरून चालला. अठराव्या शतकाच्या मध्यास तो नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आला. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केल्यानंतरही १९५६ पर्यंत नागपूर हेच सत्तेचे केंद्र राहिले. त्यानंतरची ४४ वर्षे छत्तीसगडचे निर्णय भोपाळला होत असत. ज्या प्रदेशाचे निर्णय दूर होतात, त्या प्रदेशातील लोकांना आपले म्हणणे ऐकू जावे यासाठी निराळे मार्ग शोधावे लागतात.

मासिक आणि कालवा

या प्रदेशातील आधुनिक पत्रकारितेचा आरंभ जानेवारी १९०० मध्ये झाला. त्या महिन्यात बिलासपूर जिल्ह्यातील पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू झाले. माधवराव सप्रे, वामन बळीराम लाखे आणि रामराव चिंचोलकर हे त्याचे प्रवर्तक होते. तिघेही मराठी भाषिक होते. परंतु त्यांनी ज्या जनतेत काम करावयाचे तिची भाषा लिखाणासाठी निवडली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पैशाच्या अडचणीमुळे तीन वर्षांत मासिक बंद पडले. पुढे सप्रे यांनी १९०७ मध्ये नागपुराहून ‘हिंदी केसरी’ काढला आणि त्यातील लेखनाबद्दल १९०८ मध्ये त्यांना अटक झाली. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवादही त्यांचाच. १९२६ मध्ये रायपूर येथे त्यांचा मृत्यू झाला. सुशिक्षितांच्या विचारांना अशा नियतकालिकांनी वळण लावले यात शंका नाही. परंतु ज्याला अक्षरओळखच नव्हती अशा शेतकऱ्याचे मत त्यांच्या पानांवर उमटणे कठीण होते.

ते उमटले धमतरीजवळच्या कंडेल गावी. १९२० मध्ये तेथील शेतकऱ्यांवर कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून सरकारने दंड बसविला. पंडित सुंदरलाल शर्मा, नारायणराव मेघावाले आणि छोटेलाल श्रीवास्तव यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी दंड भरण्याचे नाकारले. सरकारने गुरे जप्त करून लिलावास काढली, तेव्हा बोली बोलण्यास कोणी पुढे आले नाही. डिसेंबर १९२० मध्ये महात्मा गांधी रायपूर व धमतरी येथे आले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. लिलावाच्या जागी बोली न बोलणे ही मताची अभिव्यक्तीच होती. ती कोणत्याही अग्रलेखाइतकी स्पष्ट होती.

स्वतंत्र राज्याची मागणी

स्वतंत्र छत्तीसगडची मागणी १९२४ मध्ये रायपूरच्या काँग्रेस समितीत प्रथम पुढे आली असे मानले जाते. राज्य पुनर्रचना आयोगाने ती स्वीकारली नाही. १९५६ मध्ये डॉ. खूबचंद बघेल यांनी राजनांदगाव येथे छत्तीसगड महासभा स्थापन केली व १९६७ मध्ये छत्तीसगड भ्रातृसंघाची स्थापना केली. १९९० नंतरच्या काळात चंदूलाल चंद्राकर यांच्या नेतृत्वाखालील मंचाने ही मागणी अधिक संघटित रीतीने मांडली. मार्च १९९४ मध्ये मध्य प्रदेश विधानसभेने स्वतंत्र राज्याचा ठराव एकमताने संमत केला आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात येऊन रायपूर ही त्याची राजधानी झाली.

या मागणीच्या मुळाशी एक साधी तक्रार होती. कोळसा, लोखंड, जंगल आणि धान येथले. परंतु त्यांच्या विनियोगाचा निर्णय दुसरीकडे होतो. कॅनडाच्या पश्चिम भागातील अल्बर्टा प्रांतातही अशीच भावना आढळते. तेथील नैसर्गिक संपत्तीवरील अधिकार प्रांताला १९३० मध्ये मिळाले. तरी १९८० मध्ये केंद्र सरकारने तेलाविषयी नवे राष्ट्रीय धोरण आखताच प्रांतात तीव्र असंतोष पसरला. याच देशातील क्वेबेक प्रांतात तर वेगळे होण्याचा प्रश्न दोनदा थेट मतदारांपुढे ठेवण्यात आला. १९९५ च्या सार्वमतात विरोधी बाजूला ५०.५८ टक्के व अनुकूल बाजूला ४९.४२ टक्के मते पडली.

या दोन उदाहरणांतील फरकही ध्यानात घेतला पाहिजे. क्वेबेकचा प्रश्न देशापासून वेगळे होण्याचा होता, छत्तीसगडचा देशांतर्गत स्वतंत्र राज्याचा. भारतीय राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार नवे राज्य निर्माण करण्याचा अधिकार संसदेचा आहे. त्यासाठी संबंधित विधानमंडळाचे मत मागविले जाते, सार्वमत घेतले जात नाही. त्यामुळे छत्तीसगड रक्तपाताविना, सर्व प्रमुख पक्षांच्या संमतीने निर्माण झाले. परंतु नव्या राज्याकडून सामान्य माणसाची अपेक्षा काय, हे त्याला कोणी विचारले नाही. त्याचे उत्तर पुढील काळातील घटनांतून मिळाले.

खाण आणि कारखाना

सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. कारखान्याला लोहखनिज दल्ली-राजहरा येथील खाणींतून मिळत असे. कारखान्यातील कायम कामगारांना वेतन व घरे होती. खाणीतील कंत्राटी मजुरांना यांपैकी फारसे काही नव्हते. १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली या मजुरांनी आपली संघटना उभारली. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या पोलीस गोळीबारात ११ जणांचा बळी गेला. तरीही संघटना टिकली. तिने मजुरीबरोबरच दारूबंदीचा प्रश्न हाती घेतला आणि १९८३ मध्ये श्रमिकांच्या वर्गणीतून शहीद रुग्णालय सुरू केले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाई येथे नियोगी यांची हत्या झाली.

राज्याच्या स्थापनेनंतर काही महिन्यांतच आर्थिक धोरणावर दुसरा मोठा वाद झाला. २००१ मध्ये केंद्र सरकारने कोरबा येथील भारत ॲल्युमिनियम कंपनीचे ५१ टक्के भाग खासगी कंपनीस विकले. कामगारांनी ६७ दिवस संप केला व राज्य सरकारनेही विक्रीस विरोध केला. परंतु डिसेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्री वैध ठरविली. आपले राज्य झाले तरी सर्व निर्णय आपल्या हाती येत नाहीत, हा या घटनेचा धडा होता.

तांदळाचा प्रश्न

छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात. या प्रदेशाच्या स्मृतीत धान्य आणि न्याय यांची सांगड फार जुनी आहे. १८५६ च्या दुष्काळात सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी एका व्यापाऱ्याचे कोठार उघडून धान्य भुकेल्यांना वाटले. इंग्रजांनी त्यांना पकडले आणि पुढे उठावाच्या काळात, १० डिसेंबर १८५७ रोजी, रायपूर येथे फाशी दिले. नियोगी यांच्या चळवळीने ही स्मृती पुन्हा जागविली.

२००४ मध्ये राज्य सरकारने रेशनची दुकाने खासगी व्यापाऱ्यांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था व महिला बचत गट यांच्याकडे सोपविली. धान्य थेट दुकानाच्या दारापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था झाली व २००७ पासून गरीब कुटुंबांना ३ रुपये किलो दराने तांदूळ मिळू लागला. पुढे हा दर आणखी उतरला. ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार २००४-०५ मध्ये रेशनचे जवळजवळ निम्मे धान्य वाटेत गळत असे. २०११-१२ पर्यंत ही गळती सुमारे एक दशांशावर आली. डिसेंबर २०१२ मध्ये राज्य विधानसभेने अन्नसुरक्षा कायदा केला. संसदेचा राष्ट्रीय कायदा त्यानंतर, २०१३ मध्ये झाला.

येथेही कॅनडातील एक उदाहरण उद्बोधक ठरेल. सस्कॅचेवान या शेतीप्रधान प्रांताने १९४७ मध्ये रुग्णालयीन उपचारांचा विमा आणि १९६२ मध्ये सार्वत्रिक वैद्यकीय विमा सुरू केला. डॉक्टरांनी संप केला, तरी योजना टिकली आणि १९६६ मध्ये केंद्रीय कायद्याने तिला देशव्यापी आधार मिळाला. दोन्ही ठिकाणी एका लहान व फारशा श्रीमंत नसलेल्या घटकाने जे आधी मान्य केले, ते नंतर राष्ट्राने स्वीकारले. लोकांच्या रोजच्या गरजेतून उपजलेले मत प्रांताच्या सीमा ओलांडते, एवढे यावरून म्हणता येईल.

मतपेटीचा कौल

तांदळाच्या योजनेमुळे लोकप्रिय झालेले डॉ. रमणसिंह यांनी २००३, २००८ व २०१३ अशा तीन निवडणुका जिंकल्या. परंतु २०१३ मध्ये दोन प्रमुख पक्षांच्या मतांत एक टक्क्याहूनही कमी अंतर होते; त्याच निवडणुकीत प्रथमच उपलब्ध झालेल्या ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायास सुमारे ३ टक्के मते पडली. विजयाच्या अंतराहून नकाराची मते अधिक होती, ही बाब दोन्ही पक्षांनी विचार करण्याजोगी होती.

२०१८ मध्ये काँग्रेसने धानाला क्विंटलमागे २,५०० रुपये व कर्जमाफी यांचे आश्वासन दिले आणि ९० पैकी ६८ जागा जिंकल्या. मात्र सहा महिन्यांच्या आत, २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत, त्याच मतदारांनी ११ पैकी ९ जागा भारतीय जनता पक्षाला दिल्या. राज्याचा कारभार आणि देशाचा कारभार या भिन्न गोष्टी आहेत, हे मतदार जाणतो.

२०२३ ची निवडणूक याहून बोधप्रद ठरली. काँग्रेसने एकरी २० क्विंटलपर्यंत ३,२०० रुपये दराने खरेदीचे व पुन्हा कर्जमाफीचे, तर भारतीय जनता पक्षाने एकरी २१ क्विंटलपर्यंत ३,१०० रुपये दराचे आणि विवाहित स्त्रियांना दरमहा १,००० रुपयांचे आश्वासन दिले. बहुतेक मतचाचण्यांनी काँग्रेसचा विजय वर्तविला होता. प्रत्यक्षात भारतीय जनता पक्षाला ५४ व काँग्रेसला ३५ जागा मिळाल्या. उत्तरेकडील सरगुजा विभागातील सर्व १४ जागा २०१८ मध्ये काँग्रेसला मिळाल्या होत्या. त्या सर्व आता उलट बाजूला गेल्या. एकरी हिशेब केल्यास दोन्ही आश्वासनांत १,१०० रुपयांचेच अंतर पडते, आणि कर्जमाफी एकाच पक्षाने देऊ केली होती. तेव्हा मतदार केवळ अधिक बोली बोलणाऱ्यास मत विकतो, ही समजूत या निकालावरून सिद्ध होत नाही.

न विचारलेली मते

जेथे मत मोजलेच जात नाही, अशीही क्षेत्रे आहेत. बस्तर भागात एका बाजूस सशस्त्र माओवादी व दुसऱ्या बाजूस २००५ पासून सरकारी आश्रयाने चाललेले सलवा जुडूम यांच्या कात्रीत अनेक गावे उठून गेली. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कामी आदिवासी तरुणांना शस्त्रे देण्यास मनाई केली. जेथे मत उच्चारणे जिवावर बेतते, तेथील मौन म्हणजे संमती असे समजणे चुकीचे होय.

उत्तरेकडील हसदेव अरण्यातील गावांनी मात्र मौन धरले नाही. कोळसा खाणींना विरोध करणारे ठराव तेथील अनेक ग्रामसभांनी केले. संमतीचे म्हणून दाखविलेले ठराव बनावट असल्याची तक्रारही गावकऱ्यांनी केली. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुमारे ३०० किलोमीटर पायी चालत ते रायपूरला आले. जुलै २०२२ मध्ये विधानसभेने त्या भागातील कोळसा खाणपट्टे रद्द करावेत असा ठराव एकमताने केला. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये तेथे पुन्हा वृक्षतोड झाली.

सामाजिक क्षेत्रातही मत हळूहळूच बदलते. अठराव्या शतकात जन्मलेल्या गुरु घासीदासांनी मनुष्यमात्राच्या समतेचा उपदेश केला. विसाव्या शतकात सुंदरलाल शर्मांनी सतनामी समाजाच्या मंदिरप्रवेशासाठी कार्य केले. स्त्रियांना टोनही, म्हणजे चेटकीण, ठरवून छळण्याविरुद्धचा कायदा २००५ मध्ये झाला. कायद्याने गुन्हा निश्चित होतो; परंतु गावातील लोकांचे मत पालटल्याशिवाय त्या स्त्रीला संरक्षण मिळत नाही.

या सर्व घटनांवरून एक निष्कर्ष निघतो. छत्तीसगडच्या जनतेला मत नव्हते असा काळ नाही; ते ऐकण्याची सोय मात्र नेहमी नव्हती. कंडेलचा लिलाव, राजहऱ्याचे रुग्णालय, रेशनचे दुकान आणि हसदेवची पदयात्रा ही त्या मताचीच रूपे आहेत. पाच वर्षांनी एकदा होणारे मतदान हे लोकमताचे सर्वांत निश्चित माप खरे. परंतु दोन मतदानांच्या मधल्या काळात ग्रामसभेच्या ठरावाला किती किंमत दिली जाते, यावरच लोकशाहीची खरी परीक्षा होते. स्वतंत्र राज्य मिळाले तेव्हा सत्तेचे केंद्र भोपाळहून रायपूरला आले. रायपूरहून गावापर्यंतचे अंतर अद्याप कापावयाचे आहे.